कॅश जुळली होती

मला यंत्रातलं काही कळत नाही, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य आहे. मिक्सर बिघडला म्हणून मी तो एकदा पिशवीत घालून दुकानात नेला होता आणि दुकानदाराने तो नुसता प्लगमध्ये खुपसून चालू करून दाखवला होता. दुरुस्तीचे पैसे त्याने घेतले नाहीत. मात्र ही हकीकत तो पुढे इतक्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला, की त्यापेक्षा पन्नास रुपये घेतले असते तर स्वस्तात पडलं असतं.

पण आमच्या ताईचं मत वेगळं आहे. तिच्या हिशेबी जो माणूस वीस वर्षं बँकेत कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेतो, त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळत असलंच पाहिजे. म्हणजे वीस वर्षं खुर्चीत बसल्यामुळे मला सुतारकामही येत असणार. तर २०२३ च्या मे महिन्यात तिचा फोन आला, "अरे, याचं मशीन सारखं बंद पडतंय. तू एकदा ये आणि बघ. लग्नाची पाच कामं अडकली आहेत."

'हा' म्हणजे आमचा भाचा. कनेरगाव नाक्याला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, आधार कार्डाचं प्रिंट, मोबाइलची काच, आणि लग्नसराईत लग्नाचं शूटिंग.

कनेरगाव नाका कुठे, असं पुण्या-मुंबईचा वाचक विचारील. हिंगोलीहून वाशिमला निघालं, की मराठवाडा संपता संपता आणि विदर्भ सुरू होता होता जे गाव लागतं, ते. पूर्णा-अकोला लाइनीवर स्टेशन आहे. जवळून पैनगंगा वाहते. एके काळी या अंगाला निजामाचा मुलूख आणि त्या अंगाला इंग्रजांकडचं वऱ्हाड. इकडे चालायचा हाली शिक्का आणि तिकडे कलदार रुपया. साधारण सात हालींना सहा कलदार, असा भाव. हे आठवलं की मला त्या वेळच्या कारकुनांची दया येते. आम्हाला एक रुपया मोजताना घाम फुटतो, त्या बिचाऱ्यांना दोन प्रकारचे मोजावे लागत. पुढे निजामाचं राज्य गेलं, हाली शिक्का गेला, सरहद्द गेली. नाका तेवढा नावात राहिला. नाका म्हणजे जिथे थांबायचं ती जागा. पण आता तिथे कुणी थांबत नाही. एस.टी. मात्र थांबते, कारण कंडक्टरला चहा हवा असतो.

मी उतरलो तेव्हा पारा ४२ वर होता. भाच्याने दुकानाच्या आतल्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर एका उघड्या खोक्यात त्याचं मशीन गुरगुरत होतं आणि त्याच्या तोंडासमोर टेबलफॅन लावलेला होता. माझ्यासाठी फॅन नव्हता.

"मामा, बघा आता," असं म्हणून त्याने एका लग्नाची फिल्म रेंडरिंगला लावली. नवरीचं आगमन झालं. भटजी दिसले. मंगलाष्टकं सुरू झाली. आता अंतरपाट दूर होणार, तेवढ्यात संपूर्ण पडदाच निळा झाला आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं.

"चौथ्यांदा," भाचा म्हणाला. "चार वेळा लग्न लागता लागता राहिलं."

बिघाड काय, हे मला कळणं शक्य नव्हतं. म्हणून अनुभवी माणसं करतात ते मी केलं. गंभीर चेहरा करून विचारलं, "तू यात काही फेरफार केला होतास का?" बँकेत बत्तीस प्रकारच्या तक्रारींवर हा एकच प्रश्न चालतो, आणि गुन्हेगार नेमका इथेच अडखळतो.

भाचा अडखळला. मग म्हणाला, "थोडं ओव्हरक्लॉक केलंय."

ही काय भानगड आहे, हे मी त्याच्याकडून जे समजून घेतलं, ते आपल्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाचा एक चौकोनी तुकडा असतो. त्याच्या आत एक ठोका पडत असतो, आणि दर ठोक्याला तो आपल्या कामाचं एकेक पाऊल टाकतो. भाच्याने सेकंडहँड घेतलेल्या प्रोसेसरवर कंपनीने ३.३ गिगाहर्ट्झ असं लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला ३३० कोटी ठोके. (आमच्या शाखेत दिवसाला दीडशे व्हाउचरं झाली, की आम्ही कपाळाला हात लावतो.) हा आकडा कसा येतो? मूळ ठोका १०० चा, त्याला ३३ ने गुणायचं. हा गुणक बायोस नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो. भाच्याने ३३ चे ४५ केले. ३.३ चे झाले साडेचार. पगार तोच, काम छत्तीस टक्के जास्त. सरकारी मंडळींना ही कल्पना नवी नाही.

पण भाच्याचा मुद्दा तेवढ्यापुरता नव्हता. त्याच्यामागे तत्त्वज्ञान होतं.

"मामा, कंपनी मुद्दाम कमी आकडा लिहिते," तो म्हणाला. "एकाच थाळीतून शेकडो तुकडे कापतात. तपासतात. जोरात पळतो त्याच्यावर मोठा आकडा, मागे पडतो त्याच्यावर छोटा. पण कधी स्वस्त मालाला मागणी जास्त आली, की चांगल्या तुकड्यावरही छोटा आकडा छापून मोकळे होतात. म्हणजे ताकद आतच आहे. मी फक्त ती वापरतोय. यात माझं काय चुकलं?"

आणि मग त्याने मला या पंथाच्या पूर्वसूरींच्या कथा सांगितल्या. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००-ए नावाचा एक गरिबांचा प्रोसेसर आला होता. त्यावर ३०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असे आणि लोक तो सरळ ४५० ने पळवत. पुढे २००० सालच्या सुमारास एएमडी कंपनीने आपल्या प्रोसेसरवरचे गुणक बदलण्याचे बारीक पूल तोडून ठेवले, तर लोकांनी साधी शिसपेन्सिल घेऊन ते पूल पुन्हा रेघ मारून जोडले, कारण शिसपेन्सिलीतून वीज जाते! हे सांगताना भाच्याचा आवाज असा भरून आला होता, की शेवटी मी हात जोडणार होतो.

त्याचं म्हणणं मला पटलं नाही, असं नाही. उलट पटलंच. आपण सगळे तेच करतो. हिंगोली-वाशिम रस्त्यावर काळी-पिवळी जीप बघा. तिच्यावर 'आसनक्षमता' म्हणून काहीतरी आकडा रंगवलेला असतो. तो फक्त आर.टी.ओ.ने वाचायचा असतो. मागे दहा, मधे सहा, पुढे चार, टपावर दोन, मागच्या पायरीवर लोंबकळणारा पोऱ्या वेगळा, आणि ड्रायव्हर बिचारा अर्धा दाराबाहेर बसून एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने दार धरतो. एवढं करून गाडी जागेवर पोचते. एकदा पोचली, दोनदा पोचली, हजार वेळा पोचली. मग आकडा लिहिणारा शहाणा की गाडी भरणारा? हजार फेऱ्यांचा पुरावा कुणाच्या बाजूने आहे?

तरी मी कॉमर्सचा पदवीधर. फुकट मिळालेली वस्तू मला चैन पडू देत नाही. मी विचारलं, "गुणक वाढवला, एवढंच? व्होल्टेज?"

हा शब्द मी का उच्चारला, ते मलाच ठाऊक नाही. पण तीर बरोबर बसला. नुसता ठोका वाढवला, की आतल्या आकड्यांना जागेवर पोचायला वेळ पुरत नाही. अजून बेरीज चालू आहे, हातचा यायचाय, तेवढ्यात पुढचा ठोका पडतो आणि जे अर्धवट असेल तेच उत्तर म्हणून उचललं जातं. हे टाळायचं तर व्होल्टेज वाढवून आतल्या मंडळींना ढोसणी द्यावी लागते. भाच्याने १.२ चं व्होल्टेज १.४ वर नेलं होतं. आणि इथे निसर्गाने एक दुष्ट कलम घालून ठेवलं आहे. उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. मी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. वेगाने १.३६ पट, व्होल्टेजच्या वर्गाने १.३६ पट; दोन्हींचा गुणाकार १.८५. म्हणजे काम छत्तीस टक्क्यांनी वाढलं आणि उष्णता पंच्याऐंशी टक्क्यांनी. या अटींवर कुणी कर्ज मागायला आला असता, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

बरं, ही उष्णता जाणार कुठे? पंखा हवा फेकतो, पण हवा खोलीतलीच. प्रोसेसर कितीही झालं तरी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि खोली कनेरगाव नाक्याची, मे महिन्यातली. वर प्रोसेसर आणि पंख्याचा धातू यांच्यामध्ये जी पांढरी पेस्ट असते, ती वाळून चुन्यासारखी झाली होती. तापमान शंभरीच्या आसपास गेलं, की हे प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतात. म्हणजे दुपारी दोन वाजता भाच्याचा साडेचारचा प्रोसेसर प्रत्यक्षात ३.३ पेक्षाही हळू रांगत होता. बायकोला माहेरी लवकर पोचवायचं म्हणून काळी-पिवळीत बसवावं आणि टायर पंक्चर होऊन ती बैलगाडीने पोचावी, तसं.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. आम्ही मशीनचं पथ्यपाणी सुरू केलं. बिघाड शोधण्याची ही रीत मला फार आवडली, कारण ती थेट आमच्या कॅशमधला फरक शोधण्याच्या रीतीसारखी आहे. पहिलं म्हणजे सगळं मूळ पदावर आणायचं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढला, जरा वेळाने परत बसवला, की मशीन आपलं सगळं शहाणपण विसरून कंपनीच्या आकड्यावर येतं. तिथेही बंद पडलं, तर दोष वेगाचा नाही, दुसरीकडे शोधा. नाही पडलं, तर गुणक एकेक पायरी वाढवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि सुधारणा झाली, तर नवस कोणत्या देवाला फेडायचा, हे कळत नाही. रॅमचा वेगही भाच्याने वाढवून ठेवला होता, तो आधी खाली आणला आणि रॅमची तपासणी वेगळी लावली. जुनी पेस्ट पुसून मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट घातली. पंख्यातली धूळ काढली, ती इतकी निघाली की खरिपाला उपयोगी पडली असती.

आणि मग परीक्षेला त्याने प्राइम९५ नावाचा प्रोग्राम लावला. हा मुळात जगभरच्या हौशी लोकांनी मिळून प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधाव्यात म्हणून १९९६ पासून चालत आलेला उद्योग. पण मूळ संख्यांशी कर्तव्य नसलेले लोकच तो जास्त वापरतात. कारण त्यात एक छळ-परीक्षा आहे. मशीनला तासन् तास अवघड गुणाकार करायला लावायचे, ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत, आणि पडताळून बघायचं. सोपं काम बरोबर करतो म्हणून विश्वास ठेवायचा नाही. दमवायचं, तापवायचं, आणि मग विचारायचं.

मूळ आकड्यावर मशीन बरोबर होतं. हळूहळू आम्ही वर चढलो. ४३ च्या गुणकावर रात्री एकच्या सुमाराला एका रांगेत लाल अक्षरं आली. मशीन बंद पडलं नव्हतं. निळा पडदा नाही, काही नाही. पंखा गुरगुरत होता, बाकीच्या रांगा कामात होत्या. फक्त एका जागी, अपूर्णांक पूर्णांकात बसवताना, उत्तर चुकलं होतं.

"हे वाईट," भाचा म्हणाला.

"का? चालू तर आहे."

"म्हणून तर वाईट, मामा. बंद पडलं असतं तर कळलं असतं."

आणि मग तो गप्प बसला. नेहमी बडबडणारा मुलगा गप्प बसला, की मामाने ओळखायचं असतं. थोड्या वेळाने त्याने दुसरीच एक फाइल उघडली. फेब्रुवारीतलं लग्न. फिल्म पूर्ण झालेली, दिलेली, पैसे मिळालेले. नवरीची आजी नातीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडते, तिथे म्हातारीच्या चेहऱ्यावर हिरवे चौकोन आले होते. दोन-तीन सेकंद. मग पुढे सगळं छान.

"आजी एप्रिलमध्ये वारली," तो म्हणाला. "त्यांच्याकडे तिचं दुसरं शूटिंग नाही. ते लोक आले होते. मूळ फाइलमध्ये तरी चांगलं असेल म्हणून बघितलं, तर कार्डावरून कॉपी करतानाच खराब झालेली. आणि कार्ड मी पुसून टाकलेलं. कॉपी शंभर टक्के पूर्ण, असं लिहून आलं होतं ना!"

"मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, तुमच्या पेनड्राइव्हचा प्रॉब्लेम असेल."

आता इथे मामाने दोन शब्द ऐकवायचे असतात. माझी तयारीही झाली होती. माहितीची कमतरता नव्हती, कारण आदल्या चार तासांत भाच्यानेच मला सगळी पुरवली होती. १९९४ ची गोष्ट. इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराची चूक होती. थॉमस नाइसली नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने ती पकडली. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं, की १.३३३८ यायच्या जागी १.३३३७ यायचे. कंपनी म्हणाली, सामान्य माणसाला अशी चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. सामान्य माणूस म्हणाला, ती आजच भेटली तर? शेवटी डिसेंबरात कंपनीने मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं कबूल केलं आणि साडेसत्तेचाळीस कोटी डॉलरचा फटका सोसला. आणि ओव्हरक्लॉकिंगचीच गोष्ट हवी, तर रेमंड चेन नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरने २००५ मध्ये लिहून ठेवली आहे. लोकांच्या मशीनकडून बिघाडाचे अहवाल येत, त्यात कधी कधी असा हुकूम चुकलेला दिसे, की जो चुकूच शकत नाही: 'या खणातला आकडा शून्य कर,' इतका साधा. चौकशी केली, तर मशीन ओव्हरक्लॉक केलेलं. आणि त्यातल्या काहींच्या मालकांना ते ठाऊकच नव्हतं; छोट्या दुकानदाराने परस्पर वेग वाढवून महागाचं म्हणून विकलेलं. (पुढे २०२४ मध्ये तर इंटेलनेच मान्य केलं, की त्यांच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर नको इतकं व्होल्टेज मागून घेत होते आणि त्याने खराब होत होते. दोन वर्षांची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. आकडा छापणाऱ्यालाच आकड्याचा मोह झाला, तर भाच्याने कुणाकडे बघायचं?)

तर माझं व्याख्यान तयार होतं. आपलं मशीन आपण जाळावं, तो आपला प्रश्न; पण दुसऱ्याची आजी त्यात घालू नये, वगैरे. काळी-पिवळीचा ड्रायव्हर निदान स्वतः गाडीत असतो, अर्धा का होईना. हे वाक्य तर मला फारच आवडलं होतं.

पण ते तोंडातून निघेना. कारण 'पेनड्राइव्हचा प्रॉब्लेम असेल' हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

नोटाबंदीचे दिवस वाचकांना आठवत असतील. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री घोषणा झाली आणि त्यानंतर आम्हा बँकवाल्यांचा गुणक कुणीतरी ३३ वरून एकदम ४५ केला. व्होल्टेजही वाढवलं होतं. साहेब दर तासाला येऊन 'देशासाठी करतोय आपण' म्हणत. पेस्ट बदलायला मात्र कुणी आलं नाही. रविवार, १३ नोव्हेंबरलाही बँक चालू होती. माणशी चार हजारांच्या जुन्या नोटा बदलून द्यायच्या. मी खिडकीवर होतो. सकाळपासून किती माणसं झाली, ते सांगत नाही. रांग रस्त्यापर्यंत होती. दोन हजारांच्या नव्या नोटा कोऱ्या करकरीत, एकमेकींना चिकटणाऱ्या. दुपारनंतर माझे हात आपोआप चालत होते आणि मी आतून कुठेतरी निघून गेलो होतो.

रात्री साडेनऊला कॅश मोजली. पैशाला पैसा जुळली! त्या आठवड्यात शाखेत कुणाचीच धड जुळत नव्हती. लोक खिशातून भरत होते. माझी जुळली. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली आणि शिपायाने मला वेगळा चहा आणला.

तीन दिवसांनी एक म्हातारे शेतकरी आले. पैनगंगेच्या पलीकडच्या एका खेड्यातले. धोतर, डोक्याला पटका. म्हणाले, "साहेब, रईवारी मी आठ नोटा देल्त्या पाश्शेच्या. तुमी दोन द्याला पाह्यजेत, एकच निघाली घरी."

मी म्हणालो, "आजोबा, इथेच मोजून घ्यायची असते."

"मोजता येते मला. पर मागचं मानूस ढकलत व्हतं."

तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "त्या दिवशी माझी कॅश जुळली होती. तुमच्या घरातच बघा कुठंतरी."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग नुसतं "बरं" म्हणाले आणि गेले.

आणि मी खोटं बोललो नव्हतो. हेच तर आहे. कॅश खरोखरच जुळली होती.

पुढच्या मार्चमध्ये एक गुरुजी आले. ओशाळून दोन हजारांची एक नोट काउंटरवर ठेवली. म्हणाले, "त्या रविवारी तुम्ही मला दोनच्या जागी तीन नोटा दिल्यात. चिकटलेली होती, घरी गेल्यावर सुटली. देऊ देऊ म्हणता राहून गेलं."

एफ.वाय.ला आम्हाला तेरीज पत्रक शिकवलं होतं. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं समजू नये, काही चुका तेरजेत सापडत नाहीत. त्यातली एक म्हणजे एकमेकींना झाकणाऱ्या चुका. इकडे दोन हजार कमी, तिकडे दोन हजार जास्त; बेरीज सरळ. या प्रश्नाला मला परीक्षेत पाचपैकी साडेचार गुण पडले होते. तेव्हा उत्तर बरोबर लिहून आलो आणि सतरा वर्षांनी तेच उत्तर समोर धोतर नेसून उभं राहिलं, तर मला ओळखता आलं नाही.

ती नोट रीतसर खात्यात जमा करायची, तर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहायचं, म्हणजे ज्या कॅशबद्दल पाठ थोपटली गेली ती कॅश चुकीची होती, असं सहीनिशी लिहायचं. मी ती नोट पाकिटात घातली आणि पाकीट घरी कपाटात ठेवलं. म्हाताऱ्याचं नाव-गाव त्याच्या अर्जावर होतं, ते उतरवून घेतलं. जाऊ एखाद्या रविवारी, असं ठरवलं. रविवार बावन्न आठवड्यांत बावन्न येतात. एकाही रविवारी जमलं नाही. जायचं म्हणजे, 'आजोबा, तुम्ही खरे होतात,' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ते चुकीचे ठरण्याचा धोका नव्हता, तरी माझं मशीन तिथे दर वेळी बंद पडायचं.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. रात्रीचे दोन वाजले होते, आणि त्या प्रोग्रामने दोघांनाही दमवून, तापवून विचारलं होतं. त्याने ऐकून घेतलं. मग विंडोजमधली एक नोंदवही उघडून दाखवली. इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात तिला. त्यात तारीखवार लिहिलेलं होतं: अमुक वेळी प्रोसेसरमध्ये चूक झाली, दुरुस्त केली. फेब्रुवारीपासून पानंच्या पानं. मशीन आपल्याला सापडलेली चूक लिहून ठेवत होतं. लपवत नव्हतं. आम्हीच कधी वही उघडली नव्हती.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं पाकीट कुठंय?"

पाकीट माझ्या बॅगेत होतं. १९ मे रोजी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि सौ.ने कपाट उपसलं, तेव्हा ते बाहेर आलं होतं. 'हे कुणाचे?' या प्रश्नाला मी 'बँकेचे' असं उत्तर दिलं होतं, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती हिशेबतपासनिसाला शोभणारी होती. नोट मी माझ्याच शाखेत, माझ्याच शेजारच्या खिडकीवर रांग लावून बदलली. पाचशेच्या चार. त्या दोनदा मोजल्या.

सकाळी भाच्याने गुणक ३३ वर आणून ठेवला. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. फिल्मला वीस मिनिटं जास्त लागली, तेवढ्यात आमचा चहा झाला. मग त्याने मोटरसायकल काढली. आधी आजीच्या घरी गेला. मला बाहेर थांबायला सांगितलं. आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि खिशातून त्या कामाचे घेतलेले पैसे गेलेले होते. काय बोलणं झालं, ते मी विचारलं नाही. तिथून पैनगंगा ओलांडून आम्ही म्हाताऱ्याच्या गावी गेलो.

म्हातारे जिवंत होते. बाजेवर बसून सुतळी वळत होते. मला त्यांनी ओळखलं नाही. मी खिडकी, रविवार, नोटा, असं एकेक सांगू लागलो, तसा त्यांचा हात थांबला. मी पाचशेच्या चार नोटा पुढे केल्या आणि जे चार शब्द साडेसहा वर्षं घासून ठेवले होते, ते घाईघाईने म्हणून टाकले.

त्यांनी नोटा घेतल्या. एकेक उलटीसुलटी करून मोजल्या. परत मोजल्या. सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मग कनवटीला नोटा खोचत म्हणाले, "आन् याज?"

"काय?"

"साडेसा वर्सं पैसा तुमच्याकडं व्हता. याज?"

भाचा तोंड फिरवून हसला. मी म्हणालो, "बरोबर आहे, आजोबा. बचत खात्याला साधारण साडेतीन टक्के धरले तर..." आणि कागद काढला. चारशे पंचावन्न होत होते.

म्हाताऱ्यांनी मान हलवली. "बचत मी केली नाय, साहेब. थकबाकी व्हती तुमची. आमचं कर्ज थकलं की तुमी जो दर लावता, तो लावा."

"बारा धरू का?" मी विचारलं.

"धरा बारा."

भाच्याने खिशातून मोबाइल काढला. म्हातारे त्याच्याकडे बघत राहिले. मी त्याला मोबाइल ठेवायला सांगितला आणि खिशातली पेन्सिल काढून बाजेच्या कडेवर कागद ठेवून सावकाश मांडलं. पंधराशे साठ. पडताळा घेतला. माझ्या पाकिटात अकराशे निघाले. उरलेले चारशे साठ भाच्याकडून उसने घेतले.